मालिकेत नव्हत्या त्या चपला

धुरपताबाईला गोष्टी सांगायची लय हौस, असं सगळी वस्ती म्हणायची. हौस कसली डोंबलाची! वस्तीवरची लाईट नेमकी मालिकेच्या टायमाला जायची, आणि अख्ख्या गावात इन्व्हर्टर होता तो एकट्या माणिकरावांकडे. धुरपता त्यांच्याकडे संध्याकाळची भांडी घासायला जायची. ओसरीवर हा मोठा टीव्ही, समोर झोपाळ्यावर माणिकराव, आणि दाराआड राखेने हात भरलेली धुरपता. घासता घासता जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना बायांना सांगायचं. न सांगून करते काय? पात, म्हणजे वेचायची ओळ, धरायच्या आत बायनाबाई ओरडायचीच, "आगं बया, सांग की लवकर! काय झालं टोपीवाल्यांचं?"

मालिका परदेशातली, पण बोलायची हिंदीत. धुळीचं एक गाव, लाकडाची घरं, घोडे, आणि ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल. नावं लांबलचक, जिभेवर बसायची नाहीत, म्हणून बायांनी आपली नावं ठेवली होती. चांदणी लावून फिरायचा तो फौजदार. काळ्या घोड्यावरचा, काळ्या टोपीचा मोठा शेतमालक तो काळटोपी. तळ्याच्या फाटकावर राखणीला असलेला तो पाणवठ्याचा म्हातारा. आणि भाड्याने खोल्या देऊन सगळ्यांना जेवू घालणारी ती खानावळवाली.

वेचताना त्यांच्यावरून नुसता कालवा चालायचा. काळटोपी पाण्यासाठी एवढा का पेटलाय, फौजदार त्याच्या ताटातलं खातो म्हणून गप आहे का मुळातच भित्रा आहे, खानावळवालीचं मन कुणावर आहे. बायनाबाईला काळटोपी पहिल्या दिवसापासून नालायक वाटायचा. "डोळे बघितले का त्याचे? हसतंय तव्हासुदिक डोळे हसत न्हाईत मुडद्याचे," म्हणायची.

माणिकरावांचं मत मात्र वेगळं. झोपाळ्याला पायाने झोका देत ते शांतपणे म्हणायचे, "त्याच्या जागी बसून बघा की जरा. एवढी जनावरं तान्हेली, एवढी माणसं त्याच्या जिवावर. अन् एक म्हातारं चावी कमरंला लावून आडवं उभं. काय करावं त्यानं?" मोठा माणूस, गोड बोलणारा. धुरपताच्या घरावरचे पत्रे त्यांनीच टाकून दिलेले, तिच्या गोपाळला जीपवर डायवर म्हणून ठेवलेलं. दर सोमवारी महादेवाला अभिषेक. कुणाला शिवी म्हणून नाही.

हे ऐकलं की दाराआड धुरपता घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहायची. कारण तिने पाहिलं होतं.

दिवाळीनंतर कालव्याला पहिलं पाणी सुटलं तेव्हाची गोष्ट. कालव्याच्या गावाकडच्या फाट्यावर गुरुपाद पाटकरी होता. कालव्याचं दार उघडायचं, लावायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं, हे त्याचं काम. माणिकरावांनी रात्रीतून कालव्यात पाईप टाकले होते. गुरुपादने ते उपसून बाजूला फेकले आणि वर सायबाला सांगतो म्हणाला. त्याच दुपारी धुरपता शेळीला गवत कापायला तुरीत बसली होती. तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळी फुलं आलेली. फटीतून तिने पाहिलं, गुरुपाद कालव्याचं दार उचलायच्या चाकापाशी उभा, मागून माणिकराव. बोलणं झालं, हातघाई झाली. मग माणिकरावांनी त्याची मान धरून त्याला पाण्यात दाबला. लय वेळ दाबून धरला. धुरपताने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ओरडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पोलीस आले, बघून गेले. कालव्याच्या पायरीवर चपला जोडून ठेवलेल्या होत्या, म्हणजे हातपाय धुवायला उतरला, पाय घसरला. गावात तर कुणी म्हणालं, प्यायला असेल. गुरुपाद! सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय ज्याने पाणी तोंडात घेतलं नाही तो! त्याची बायको भागम्मा कपाळ बडवून सांगत होती, "ह्यांनी त्या पायरीवर कव्हाच चपला न्हाई ठिवल्या. तितं पिंड हाय महादेवाची. चाकापाशी काढायचे, चाकापाशी!" कुणी ऐकलं नाही. त्याहून मोठं दुःख असं, की गुरुपादच्या गळ्यातलं लिंग सापडलं नाही. त्यांच्या लिंगायत लोकांत माणसाला मूठमाती देताना त्याचं लिंग त्याच्या हातात देतात. गुरुपाद रिकाम्या हाताने गेला. वाहून गेलं असेल, लोक म्हणाले. आता भागम्मा कापूस वेचायला यायची, धुरपताच्या शेजारची पात धरायची, आणि मालिकेची गोष्ट मान खाली घालून ऐकायची.

आणि काल, बघा, काळटोपीने पाणवठ्याच्या म्हाताऱ्याला गोळी घातली. आणि वरच्या खिडकीतून खानावळवालीने बघितलं.

रात्रभर धुरपताचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी बाया ऐकायला आतुर. शेत माणिकरावांचंच. बांधावर त्यांची सून राजेश्री काटा घेऊन मापाला उभी होती. नवरा पुण्यात कंपनीत, ही इथं सासऱ्याचं घर सांभाळायची. धुरपताने मन घट्ट केलं आणि सुरू केलं.

"म्हातारं फाटकापाशी उभं. काळटोपी म्हणला, चावी दे. ते म्हणलं, न्हाई देत. काढलं पिस्तूल, ठो केलं! म्हातारं पाण्यात."

"आरारारा!" बायनाबाई.

हात बोंडावर चालत होते, पण धुरपताला समोर कापूस दिसत नव्हता. "मग त्यानं हिकडं तिकडं बघितलं. म्हाताऱ्याच्या चपला निघून पडल्या व्हत्या, त्या उचलल्या. पायरीवर शिस्तीत जोडून ठिवल्या. मग खाली बसला, मातीतून कायतरी उचललं, कपाळाला लावलं अन् खिशात घातलं..."

"चपला?" बायनाबाई खदाखदा हसली. "आगं ये येडे! ते गोरे लोक, गुडघ्याएवढे बूट घालतेत. चपला कव्हापासून घालायलेत?"

बाया हसल्या.  धुरपताने शेजारी बघितलं. भागम्माचा हात बोंडावर तसाच थांबला होता. बांधावर राजेश्रीने काटा खाली ठेवला होता. तिने काल सगळी मालिका सासऱ्याच्या मागे बसून बघितली होती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "असं काल न्हवतं दाखवलं." आणि तिचा चेहरा उतरला. झालं! घरात जाईल, सासऱ्याला सांगेल. मेले मी, आणि माझं लेकरूही मेलं.

संध्याकाळी भागम्मा दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"धुरपता, त्या चपला..."

"मालिकेतल्या गं."

"मालिकेत बूट असतेत."

धुरपता चुलीत फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती. भागम्मा वळली आणि चालायला लागली. तिची पाठ बघून धुरपताला स्वतःची एवढी शिसारी आली की तिने फुंकणी फेकून दिली. पण बोलायचं कसं? गोपाळ रोज त्या माणसाशेजारी बसून गाडी चालवतो. दिवसभर बाहेर. कधी परभणी, कधी पूर्णा, कधी कुठल्या आडरानात. तो घरी येईपर्यंत तिचा जीव तिच्याजवळ नसायचाच.

त्या दिवशी गोपाळ खुशीत आला. "आई, मालक म्हणायलेत तुझी आई लय झ्याक गोष्ट सांगती म्हणं. मालिकेपेक्षा भारी. बायनाकाकूनं सांगितलं त्यायला, चपलाचं. मालक इतके हसले, इतके हसले!"

म्हणजे राजेश्रीने नाही, त्या तोंडाळ बायनाने घात केला. धुरपताने भाकरी थापता थापता विचारलं, "अजून काय म्हणले?"

"काय न्हाई. मला इचारलं, पवायला येतंय का म्हणून. म्या म्हणलं न्हाई. म्हणले, काय रे, कालव्याच्या गावचा अन् पवता येईना?"

भाकरी तव्यावर करपली. वास येऊन घर भरलं तरी धुरपताने ती उलटली नाही. "आई, आगं भाकर!" गोपाळ म्हणाला.

त्यानंतर भीती तिच्या घरातच राहायला आली. दाराआडून मालिका बघताना माणिकराव मध्येच मान वळवून तिच्याकडे बघायचे आणि हसायचे. बायनाबाईचं म्हणणं खरं होतं, डोळे हसत नव्हते. मालिकेत खानावळवाली फौजदारापुढे जायची आणि काही न बोलता परत यायची. बायांत वाद पेटला. एक म्हणे, तिला पोरगं आहे, ती कशाला बोलेल? दुसरी म्हणे, काळटोपीने पैसा चारला असेल. बायनाबाई म्हणे, तिचं काळटोपीवर मन आहे, लिहून घ्या. धुरपता म्हणायची, "मला काय ठावं बाई. दाखवतील तव्हा कळंल."

बाजारच्या दिवशी वेचणी बंद असते. त्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग संध्याकाळऐवजी दुपारीच दाखवणार होते. माणिकरावांनी सगळ्या वेचणाऱ्या बायांना सांगावा धाडला, ओसरीवर बसून बघा, चहा माझ्याकडून. भागम्माला बोलवायला तर खास गोपाळलाच पाठवलं. कोण नाही म्हणणार?

ओसरी बायांनी भरली. भागम्मा खांबाला टेकून एका कडेला. अंगणात गोपाळ जीप पुसत होता. राजेश्री आतबाहेर करत चहा देत होती. बशीत चहा सांडत होता, तरी तिचं लक्ष नव्हतं. धुरपताने कप तसाच हातात धरून ठेवला.

टीव्हीवर सगळं धुळीचं गाव एका मोठ्या खोलीत जमलं होतं. समोर न्यायाधीश. पहिल्या बाकावर काळटोपी, टोपी मांडीवर घेऊन. खानावळवाली उठली. पुढे आली. तिने काळटोपीकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि माणिकरावांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"आवं मालक!" बाया ओरडल्या. "लावा की! आत्ताच कामून बंद केला?"

"थांबा गं." माणिकराव हसत झोपाळ्यावरून उतरले. "टीव्ही काय, उद्याही दाखवंल. आपली धुरपता हाय की. हिच्या गोष्टीत मालिकेपेक्षा जास्त असतंय म्हणं. सांग धुरपता. बोलती का न्हाई ती बाई?"

बायांना मजा वाटली. "सांग, सांग!" बायनाबाईने तिला कोपराने ढोसलं. 

"आधी तुमी सांगा गं सगळ्या," माणिकराव म्हणाले. "कामून बोलंल ती? तिला काय मिळतंय? मेलेलं माणूस परत येतंय का? अन् आपल्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या हातानं कोण काढतंय?" मग अंगणाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "गोपाळ, झालं का रं? आपल्याला निघायचंय. वरच्या दारापशी जाऊ जरा, कालव्यानं. दोघंच."

"झालं मालक," गोपाळ म्हणाला.

धुरपताने लेकाकडे बघितलं. फडकं पिळत होता बिचारा, गाणं गुणगुणत. मग तिने भागम्माकडे बघितलं. भागम्मा तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही. नुसती वाट बघत होती.

"न्हाई बोलत," धुरपता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ती बाई न्हाई बोलत. तिनं कायच बघितलं न्हाई. खिडकी बंद व्हती."

"हां!" माणिकरावांनी सुस्कारा सोडला. "शाणी हाय बाई."

भागम्मा खांबाला धरून उठली. पदर खोचला, जायला वळली. धुरपताला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. एवढं करूनही मेली भीती हलली नव्हती, तिथेच ठाण मांडून बसली होती. ती आता जन्मभर उठणार नाही हे धुरपताला कळलं.

"थांबा भागम्मा मावशी."

दारात राजेश्री उभी होती. हातात देवपूजेचं ताम्हन. कधी आत गेली, कधी आली, कुणाला कळलं नव्हतं.

"मामाजी, तुमी मधीच बंद केलं," ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते तिचे. "ती बाई न्हाई बोलली तर न्हाई बोलली. काळटोपीच्या घरात सून पण हाय ना."

"काय बरळायलीस? आत जा."

ती आत गेली नाही. सरळ चालत भागम्मापुढे आली आणि ताम्हन खाली ठेवलं. ताम्हनात मळक्या कापडात बांधलेली एक छोटी गाठोडी होती, तिला तुटलेला दोरा. "दिवाळीनंतर आमच्या देवघरात हे नवीनच आलं. देवांच्या मागं. मामाजी रोज याच्यावर बेल वाहतेत. मी पुसायला गेले की हात लावू देत न्हाईत. मला आधी समजलं न्हाई, मावशी. त्या दिवशी धुरपता मावशींनी कपाळाला लावून खिशात घातलं म्हणलं, तव्हा समजलं."

भागम्माने गाठोडी उचलली. कापड तिनेच शिवलेलं होतं, स्वतःच्या जुन्या लुगड्याचं. तिने ते छातीशी धरलं आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बायनाबाईसुद्धा गप झाली. तोवर माणिकराव सावरले होते. घाबरलेले दिसले ते एक क्षण, बस्स.

"आगं, मला सापडलं ते!" ते म्हणाले. "कालव्यात वाहत आलं, खालच्या अंगाला. कुणाचं हाय मला काय ठावं? देव हाय. माणूस देवाला फेकून देतंय का? घरी आणलं, पूजा केली. चुकलं का माझं?"

"खरंच की," कुणीतरी पुटपुटलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माणूस धार्मिक, दर सोमवारी अभिषेक. फेकणार कसा? आणि हेच तर खरं होतं. गुरुपादला पाण्यात दाबणाऱ्या त्या हातांना महादेवाला पाण्यात टाकवलं नव्हतं.

"अन् तू," माणिकराव सुनेकडे वळले, आणि आता आवाजात गोडवा नव्हता. "सासऱ्याची इज्जत चव्हाट्यावर मांडायलीस. तुझा नवरा येऊ दे. मग बघतो तुझं."

राजेश्री एकटी उभी होती. तिच्या बाजूला कुणी सरकलं नाही. रात्री ह्याच घरात, ह्याच माणसासोबत तिला दार लावून घ्यायचं होतं. धुरपताने ते बघितलं. भीती कशी असते, एकटीने कशी गिळावी लागते, हे तिच्याएवढं त्या ओसरीवर कुणाला ठाऊक होतं?

"वाहत न्हाई आलं ते," धुरपता म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. ती उठली तेव्हा कप कलंडला आणि चहा तिच्या पायावर सांडला. तिला कळलंही नाही.

"वाहत न्हाई आलं, भागम्मा. मातीत पडलं व्हतं. यायनी गुरुपादला मागून धरला तव्हा दोरा तुटला. पाण्यात दाबला त्याला, हातपाय हलायचे थांबोस्तर. मग चाकापशी काढलेल्या चपला उचलून पायरीवर ठिवल्या. मग हे उचललं, कपाळाला लावलं, खिशात घातलं. मी तुरीत व्हते. मी वरडले न्हाई गं. माझं चुकलं, पण मी समदं बघितलंय."

 माणिकरावांनी अंगणाकडे बघून हाक मारली, "गोपाळ! जीप काढ."

अंगणात गोपाळ फडकं हातात घेऊन उभा होता. तो आईकडे बघत होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी जत्रेत चुकला होता तेव्हा बघत होता तसा. धुरपताला त्याला सांगायचं होतं, पळ, घरी जा, कुणाशेजारी बसू नको. पण जीभ उचलेना. आयुष्यात तिला एवढी भीती वाटली नव्हती. तुरीत बसली होती तेव्हाही नाही.

भागम्माने लिंग पदरात बांधलं. "आधी ठाण्यात जाऊ," ती म्हणाली, "मग ह्यांच्या समाधीपशी जाऊन ह्यांचं लिंग ह्यांला देऊन येऊ. चल." तिने एका हाताने राजेश्रीचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने धुरपताचं. मागे बायनाबाई रडत होती, आपल्या जिभेला शिव्या देत होती.

तिघी अंगणातून निघाल्या. फाटकापर्यंतची वाट सरता सरेना. धुरपताने मागे वळून बघितलं नाही, तिचा धीरच झाला नाही. जीपचं दार वाजल्याचं तिने ऐकलं. आता इंजिन सुरू होईल, म्हणून तिने डोळे मिटले आणि भागम्माच्या हाताला धरून तशीच चालत राहिली. इंजिन सुरू झालं नाही. ओसरीच्या फरशीवर किल्ली आपटल्याचा आवाज आला, आणि मग मागून कुणाच्या तरी चपला घाईघाईने वाजत जवळ यायला लागल्या.

ते पाऊल कुणाचं ते तिला न बघता ओळखू आलं. तिने डोळे उघडले.

"आई," गोपाळ धापा टाकत म्हणाला, "ठाण्याला जायचं तर फाट्यावरून यष्टी हाय. लवकर चला."